समुद्रभिंतीतली फट

न मागता मिळालेल्या चहाला मी घाबरतो. सरकारी बांधकाम खात्यात अभियंता म्हणून माझी बरीचशी नोकरी पूर्वेकडे, बांगलादेशाच्या सीमेवर कुंपण घालण्यात गेली. तिथे ज्यानं ज्यानं मला आग्रहानं बोलावून चहा पाजला, त्याला कुंपण आपल्या घरापासून चार हात अलीकडे किंवा पलीकडे सरकवून हवं होतं. तेव्हापासून कुणी जास्त गोड बोलायला लागलं, की ह्याचं घर नकाशात नेमकं कुठे येतं, हे मी मनात शोधायला लागतो. सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या मते हा आजार आहे. माझ्या मते हा अनुभव आहे.

यंदा आम्ही दोघं मुलाकडे जपानला गेलो, तेव्हा हा अनुभव अर्थातच सामानाबरोबर आला.

ग्योतोकु

निखिल टोकियोतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो आणि राहतो ग्योतोकुला. स्टेशनाबाहेर पडून थोडं चाललं, की कुणीतरी फोनवर मराठीत भांडताना ऐकू येतंच. हिंग मिळतो, जाड पोहे मिळतात, आणि रविवारी बागेत पुण्याच्या आज्या नातवंडांच्या मागे धावताना दिसतात. नातवंडं उत्तर देतात जपानीत. अवघड आहे ते फक्त कचऱ्याचं. जळणारा वेगळा, न जळणारा वेगळा, बाटली वेगळी, बाटलीचं झाकण वेगळं. शेजारच्या बाई रोज सकाळी आमच्या पिशवीकडे बघून मान लववत. मला ती पाळत वाटे, सुनंदाला तो नमस्कार वाटे. एके दिवशी आमची पिशवी कुणीतरी व्यवस्थित आमच्या दाराशी परत आणून ठेवली, तेव्हा मी सुनंदाकडे नुसतं बघितलं.

अशात एका रविवारी निखिलचा ऑफिसातला सहकारी किकुची-सान घरी आला. चाळिशीचा, शिडशिडीत, सारखा वाकणारा माणूस. येताना स्ट्रॉबेरीची पेटी घेऊन आला होता, आणि तीत एकेक स्ट्रॉबेरी बाळंतिणीच्या तान्ह्यासारखी वेगळ्या गादीवर निजवलेली होती. आपण पेरू आणतो तसं हे फळ नव्हे. ह्यात काहीतरी काम आहे, हे मी पेटी उघडण्याआधीच ओळखलं.

चहा झाला. मग तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "ओतोओसान, माझं गाव उत्तरेला, इवातेमध्ये. समुद्रावर. प्लीज कम. व्हेरी बिग वॉल."

ओतोओसान म्हणजे वडील. माणूस पहिल्याच भेटीत आपल्याला वडील करतो आणि भिंत बघायला बोलावतो! आजवर मला लोकांनी धबधबा बघायला बोलावलंय, लेणी बघायला बोलावलंय, एकदा तर दोन डोकी असलेलं वासरू बघायला बोलावलंय. भिंतीचं आमंत्रण हे पहिलंच.

"तुम्ही कुंपणाचे एक्स्पर्ट ना, बाबा," निखिल घाईघाईनं म्हणाला. "तुम्हाला आवडेल. शिवाय गरम पाण्याचे झरे आहेत. आईच्या गुडघ्यांना बरं."

आईच्या गुडघ्यांची आठवण ह्याला तीन वर्षांत पहिल्यांदाच झाली होती.

उत्तरेकडे

सून आणि नात घरीच थांबल्या, आम्ही चौघं निघालो. बुलेट ट्रेनमध्ये मला खिडकीची जागा मिळाली, माझी बॅग किकुचीनं उचलली, पुढे भाड्याच्या गाडीत पुढची सीटही मलाच. सुनंदानं थालीपिठं काढली. किकुचीनं एक खाल्लं आणि "ओइशी" म्हणाला, म्हणजे छान आहे. दुसरं मात्र घेतलं नाही. हा माणूस खरं बोलत असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

ग्योतोकुला चेरीचा बहर गळून गेला होता. इथे झाडं अजून काळीठिक्कर आणि डोंगराच्या सावलीत बर्फ. रस्ता समुद्राकडे उतरायला लागला, तशा कडेला निळ्या पाट्या दिसायला लागल्या. वर लाटेचं चित्र. मला आधी ती एखाद्या बांधकाम कंपनीची जाहिरात वाटली. मग निखिलनं वाचून सांगितलं, "त्सुनामी इथपर्यंत आली होती." मी समुद्र शोधला. तो दिसतसुद्धा नव्हता.

गाव म्हणजे दोन डोंगरांमधली ओंजळ. घरं सगळी वर, डोंगर कापून केलेल्या सपाटीवर, नवीकोरी. खाली, जिथं जुनं गाव होतं, तिथं गवत, मासळीची गोदामं आणि एक लहान लाल दाराची इमारत. ती दाखवताना किकुची पहिल्यांदा मोकळा हसला. "शोबोदान," तो म्हणाला. गावातल्या लोकांचंच, घरची कामं सांभाळून चालवलेलं अग्निशामक दल. आग, पूर, भूकंप, काहीही झालं तरी आधी हेच धावतात. "माझे वडील यात होते. त्सुनामीत गेले. आता कंपनी घरून काम करू देते, म्हणून मी ह्या वर्षी गावी परत येतोय. आलो की मीही दलात जाणार."

आणि मग भिंत. चार मजली इमारतीएवढी उंच, करडी, गुळगुळीत, ह्या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत. जपानला जमिनीवरची सीमा नाही, जी आहे ती समुद्राचीच, आणि ह्यांचा शत्रूही तिकडूनच येतो. आमच्या कुंपणातून निदान पलीकडची शेळी दिसायची, पलीकडच्या बाईच्या चुलीचा धूर इकडे यायचा. इथे समुद्राच्या काठावर उभं राहून समुद्र दिसत नाही. त्याचा आवाज मात्र येतो, शेजारच्या खोलीत कुणी कुजबुजावं तसा. भिंतीत एके ठिकाणी जाड पारदर्शक खिडक्या बसवल्या होत्या. त्यातल्या एकीला डोळा लावला तर बोटभर निळं पाणी दिसलं. सुनंदा म्हणाली, "देवळात गर्दी असली की लांबून कळस बघून घेतो, तसं झालं."

मी भिंतीला हात लावला, सांधे बघितले, पाणी बाहेर जायची भोकं बघितली. काम चोख होतं. इतकं चोख काम बघितलं की माझा संशय आणखी वाढतो. शेवटी, अर्ध्या वाटेवर, मला हवं ते सापडलं. दक्षिणेकडून आलेली भिंत एकदम थांबली होती. मग एका घराएवढी मोकळी जागा. त्यात एक पत्र्याची शेड, शेडमधून वाफ निघत होती. आणि पलीकडून पुन्हा भिंत सुरू.

"निखिल," मी म्हटलं, "स्ट्रॉबेरी कशासाठी होती ते आता सांग."

फट

ती शेड किकुचीच्या आईची. वय सत्तरीच्या पुढचं. राहते वर डोंगरावर, पण दिवसभर खाली शेडमध्ये वाकामे उकळते. वाकामे म्हणजे समुद्रातलं शेवाळ, जपान्यांची पालेभाजी म्हणा. सगळ्या गावानं भिंतीला जागा दिली, हिनं नाही. नाही म्हणते का? नाही. हो म्हणते का? तेही नाही. "विचार करते" म्हणते, आणि कित्येक वर्षं विचारच करतेय. सरकारला कायद्यानं जागा घेता आली असती, पण लहान गावात एका म्हातारीवर कायदा कोण चालवणार? ह्या लोकांना सगळ्यांची मान हललेली लागते. आणि फट असलेली भिंत म्हणजे बुडाला भोक असलेला हंडा, हे तर कुणालाही कळतं.

"आता गाव तिला टाळायला लागलंय," निखिल म्हणाला. "वाकामे उकळायला बायका एकमेकींकडे मदतीला जातात, हिच्याकडे कुणी येत नाही. उद्या सभा आहे. तिथं तिनं हो म्हटलं नाही, तर किकुची-सानना भीती वाटते की तिला गावात कुणी उभं करणार नाही. म्हणून मी म्हटलं..."

"काय म्हटलंस?"

"म्हटलं, माझे बाबा बोलतील. त्यांनी आयुष्यभर लोकांकडून जागा घेतल्यात."

मला न विचारता! बापाला कामाला लावताना विचारायचं नसतं, ही आपल्याकडची जुनी रीत. पण माझा राग त्याहून दुसऱ्या गोष्टीचा होता. इथे सभेच्या आधी एकेकाला गाठून, गोड बोलून त्याचं मन वळवून ठेवतात. त्याला नेमावाशी म्हणतात. झाड हलवण्याआधी मुळं बांधून घ्यायची, तसं. निखिल हे अगदी कौतुकानं सांगत होता. मी म्हटलं, "आपण ह्याला फिल्डिंग लावणं म्हणतो. आणि तुम्ही मला सिली पॉइंटला उभं केलंय."

आणि ह्या सगळ्यात किकुचीचा काय फायदा, हा प्रश्न मला सुटत नव्हता. गावी परत येणारा एकुलता एक मुलगा, आईच्या नावावरची जागा, सरकारी मोबदला. असले मुलगे मी पोत्यानं बघितले होते.

शेडमध्ये आजी, म्हणजे किकुचीची आई, होत्या. खांद्यापर्यंत रबरी हातमोजे, डोक्याला रुमाल, गाल थंडीनं लाल. मोठ्या पिंपात पाणी उकळत होतं. त्यांनी तपकिरी, मळकट दिसणारं शेवाळ त्यात टाकलं आणि ते बघता बघता हिरवंगार झालं. सुनंदा "अगं बाई!" म्हणून ओरडली. आजी हसल्या. पाच मिनिटांत दोघी एका फळीवर बसून शेवाळाचे देठ काढत होत्या, मेथी निवडावी तशा. एकीला दुसरीचं एक अक्षर कळत नव्हतं आणि दोघी सारख्या बोलत होत्या.

आम्हाला चहा आला. मी कपाकडे बघितलं आणि निखिलला म्हटलं, "ह्यांना सांग, मी काही समजवायला आलेलो नाही. जागा त्यांची, मर्जी त्यांची. मला फक्त भिंत बघायची होती."

निखिल बोलायला लागला. माझी तीन वाक्यं होती, तो बोलत राहिला, बोलत राहिला. किकुची आनंदानं माना डोलावत होता. त्या सगळ्या जपानीत मला एकच शब्द कळला, कारण तो मूळचा इंग्रजी होता. गेएतो. म्हणजे गेट. मी तर गेटचं नावसुद्धा काढलं नव्हतं.

आजींनी ऐकून घेतलं, "सोओ देस् ने", म्हणजे 'असं होय', म्हणाल्या आणि माझा भरलेला कप आणखी भरला. थोड्या वेळानं किकुची काहीतरी म्हणाला, त्यातही गेएतो. पुन्हा किटली. निखिल बोलला, गेएतो. पुन्हा किटली. चहा बशीत सांडायच्या बेताला आला. ज्याला मोबदला वाढवून हवा असतो, तो मोबदल्याचं बोलतो. ज्याला जमिनीची माया असते, तो आजोबांचं बोलतो. ही बाई गेट म्हटलं की चहा ओतत होती. असली हरकत माझ्या पाहण्यात नव्हती, आणि ती मला झोपेपर्यंत टोचत राहिली.

जेवण

मुक्काम गावातल्याच एका लहान खाणावळीवजा घरात होता. जेवायला चौदा वाट्या आणि त्यातल्या बहुतेक समुद्रातून आलेल्या. सुनंदा पक्की शाकाहारी. सूप कशाचं आहे हे तिनं विचारलं, वाकामेचं आहे असं कळलं, आनंदानं तिनं चमचा उचलला, आणि मग मी विचारलं की पाणी कशाचं आहे. पाणी माशाचं होतं. सुनंदानं चमचा खाली ठेवला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मासा मीच घातला होता. शेवटी तिनं पिशवीतून मेतकूट काढून भातावर घातलं. ते यजमानीणबाईंनी चाखलं आणि आत जाऊन सगळ्या घराला चाखवलं. इथेही भातावर पूड घालून खातात, त्यामुळे त्यांना त्यात काही नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते त्यात मासा नाही ह्याचं.

किकुचीनं साके ओतली आणि विचारलं, सीमेवर सगळ्यात अवघड काय होतं?

हा विषय मला रात्रभर पुरतो. मी सांगितलं, पहिली नदी. आम्ही हिवाळ्यात खांब रोवायचो आणि पावसाळा संपला की नदी खांबांच्या भलत्याच बाजूनं वाहत असायची. नदीला नकाशा वाचता येत नाही. मग घरं. एकाचं स्वयंपाकघर भारतात आणि न्हाणी बांगलादेशात. मग हत्ती, त्यांना आमचे खांब पाठ घासायला फार आवडायचे. मग रस्ताच नाही तिथे सिमेंट न्यायचं कसं, आणि नेलेलं सिमेंट सकाळपर्यंत जागेवर ठेवायचं कसं. "पण हे सगळं जमतं," मी म्हटलं. "कुंपण सीमेच्या रेषेवर घालता येत नाही, दीडशे यार्ड आत घालावं लागतं. म्हणजे माणसांची शेतं कुंपणाबाहेर जातात. म्हणून गेट ठेवावं लागतं. सकाळी उघडायचं, संध्याकाळी लावायचं. एकदा एका बाईची गाय बाहेर राहिली. गाय पलीकडे हंबरतेय, बाई अलीकडे बसून रडतेय, आणि किल्लीवाला जवान म्हणतो, वेळ संपली. त्याचंही चुकत नव्हतं. भिंत कुणीही बांधेल. माणसाला पलीकडे काम असतं, हीच खरी अडचण."

किकुची गोंधळला. "पण ओतोओसान, आज दुपारी तर तुम्ही आईला म्हणालात, गेट सगळ्यात उत्तम. तुम्ही सीमेवर शेकडो बसवलीत आणि एकही कधी बिघडलं नाही."

मी निखिलकडे बघितलं. तो वाट्या मोजत होता.

"बाबा, मी फक्त थोडं... इथे असं सरळ 'मर्जी तुमची' म्हणत नाहीत. नगरपालिका तिला स्पेशल गेट देतेय, शेडमधून समुद्राकडे जायला. म्हातारीची हरकत तीच असणार ना, समुद्रावर जाणार कशी? मी मदत करत होतो."

"माझ्या तोंडून खोटं बोलून?"

"तुमच्या भल्यासाठीच..."

"माझं कसलं भलं त्यात!"

सुनंदानं दाराकडे बघून "हळू" म्हटलं, कारण जपानी घरांच्या भिंती कागदाच्या. माझ्या पोरानं माझा अनुभव परक्या मुलखात खपवला आणि तोही पातळ करून, ह्याचा मला खरोखर अपमान वाटला. रात्री अंथरुणावर सुनंदा म्हणाली, "निखिलचं चुकलंच. पण तुम्ही किकुचीवर संशय घेऊ नका. आईसाठी हातमोजे आणलेत त्यानं, आतून लोकर असलेले. पैशासाठी आलेला माणूस हातमोजे नाही आणत." मी म्हटलं, पैशासाठी आलेला माणूस आधी हातमोजेच आणतो.

सभा

सभा वरच्या समाजमंदिरात, चटयांवर. आपल्याकडे असल्या सभेत पहिल्या दहा मिनिटांत खुर्ची उडते. इथे खुर्च्याच नव्हत्या. गावातले साठ-सत्तरीचे लोक, दलाचे जुने प्रमुख, एक तरुण सरकारी अधिकारी आणि त्याच्यासमोर भिंतीची छोटी प्रतिकृती. आजी मागे चहाच्या किटलीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही बाजूच्या चटया रिकाम्या होत्या. ते बघून मला कसंसंच झालं.

अधिकाऱ्यानं बोटानं प्रतिकृतीतलं इवलंसं गेट सरकवलं. उघडलं, लावलं. सगळे "हो, हो" करत होते. सगळं ठरलेलं होतं. आजींचीही मान हललीच आहे असं धरून चाललं होतं, कारण आदल्या दिवशी भारतातल्या मोठ्या तज्ज्ञानं त्यांना पटवलं होतं. तो तज्ज्ञ मी.

आणि आजींनी गेट सरकताना बघितलं आणि किटली उचलली.

"निखिल, मला एक शंका विचारायचीय."

"बाबा, प्लीज. इथे सभेत प्रश्न विचारत नाहीत."

"मग सभा कशाला घेतात?"

"ठरलेलं सांगायला!"

सरकारी नोकरीत एवढी वर्षं काढलेला मराठी माणूस सभेतून शंका न विचारता उठला असं कधी झालेलं नाही. मी हात वर केला आणि सरळ इंग्रजीत विचारलं, "एक्स्क्यूज मी. धिस गेट. हू क्लोज?"

अधिकारी दचकला, पण मग आनंदानं सांगायला लागला. निखिल नाइलाजानं भाषांतर करत होता. कुणीच लावायचं नाही. धोक्याचा इशारा आला की उपग्रहावरून संदेश येतो, गेट आपोआप लागतं.

"आणि नाही लागलं तर?"

अधिकाऱ्यानं शेजाऱ्याच्या कानात काहीतरी विचारलं. हातानं फिरवायचं चाक आहे. अगदीच वेळ आली, तर शोबोदानचे लोक येऊन लावतील.

"माझ्या सीमेवर असं एकही गेट नव्हतं जे कधी ना कधी अडकलं नाही," मी म्हटलं. "हे नीट सांग, निखिल. काल तू उलटं सांगितलंस. गंज येतो, वीज जाते. इथे तर समुद्र आहे. रुळात वाळू गेली तर?"

निखिलनं हे मात्र शब्दाला शब्द सांगितलं. ते मला खोलीकडे बघूनच कळलं, कारण वाळूचा शब्द आला तशी सगळी खोली थिजली. दलाच्या जुन्या प्रमुखांनी मान खाली घातली. आपण पाहुणे म्हणून आलो आणि काहीतरी भयंकर बोलून बसलो, एवढं मला समजलं. सुनंदानं माझी बाही धरली.

आजींनी किटली खाली ठेवली.

"वाळूच होती," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या जे बोलल्या, ते निखिल हळूहळू मराठीत सांगत गेला. हा मनचं घालतोय का, म्हणून मी सवयीनं लोकांच्या चेहऱ्यांकडे बघितलं. तो काहीच घालत नव्हता.

"भूकंप थांबला तेव्हा मी डोंगराकडे निघाले होते. हे दलाचा कोट घालून उलटे समुद्राकडे निघाले. जुन्या भिंतीला लोखंडी गेट होतं. म्हणाले, लावून येतो. रुळात वाळू भरली होती. दोघं मिळून ढकलत होते. एक पळाला. बरं झालं पळाला." त्या प्रमुखांकडे बघत नव्हत्या, पण खोलीतले बाकी सगळे बघत होते. "मी इतकी वर्षं हे बोलले नाही, कारण बोलले असते तर त्यांना वाईट वाटलं असतं. तुम्ही सगळे चांगले आहात. घरी येऊन विचारायचात, गेट किती रुंद देऊ? मी काय सांगणार? फट आहे तोवर तिथं लावायला काही नाही. भोंगा वाजला की सगळे डोंगराकडे पळणार. गेट आलं की कुणीतरी समुद्राकडे पळणार. आणि आता हा परत येतोय. हाही कोट घालणार."

किकुची आईकडे बघत राहिला. ह्या माणसाला काय हवंय हे मी दोन दिवस शोधत होतो. त्याला फक्त घरी यायचं होतं, आणि आई कित्येक वर्षं भिंत अडवून बसली होती ती त्याच्याचसाठी. मला माझीच लाज वाटली.

"जागा घ्या," आजी म्हणाल्या. "शेड पाडा. भिंत सलग बांधा. गेट नको."

अधिकारी गडबडला. गेट नाही तर ह्या वयात तुम्ही समुद्रावर जाणार कशा? शेवाळ आणणार कसं? भिंतीवरून पायऱ्या आहेत, पण त्या...

"चढेन."

दलाचे जुने प्रमुख उठले, आजींपाशी गेले आणि कपाळ चटईला टेकेपर्यंत वाकले. वाकले ते उठेनात. आजींनी थोडा वेळ वाट बघितली आणि मग त्यांचा कप भरला. एकेक करत बायका सरकल्या आणि त्यांच्या बाजूच्या चटयांवर येऊन बसल्या.

बाहेर आल्यावर निखिल म्हणाला, "सॉरी, बाबा." मी म्हटलं, "मलाही किकुचीला सॉरी म्हणायचंय, पण मी त्याच्यावर संशय घेतला हे त्याला माहीतच नाही. तेवढं भाषांतर करू नकोस."

निघताना

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत सामान भरत होतो. थंडी कडाक्याची होती आणि खाली भिंतीवर ऊन नुकतंच पोचलं होतं. सुनंदानं मला कोपरानं ढोसलं.

भिंतीच्या बांधून झालेल्या भागावरच्या पायऱ्या आजी चढत होत्या. पाठीला टोपली होती, रिकामी. सराव चालला होता. चार पायऱ्या चढायच्या, कठड्याला धरून उभं राहायचं, पुन्हा चढायचं. किकुची मागून धावत गेला आणि त्यानं टोपलीला हात घातला. त्यांनी त्याचा हात झटकला. तरी तो मागोमाग चढत राहिला. वर पोचल्यावर त्या भिंतीच्या माथ्यावर बसल्या, पाठमोऱ्या, समुद्राकडे तोंड करून, आणि बराच वेळ श्वास घेत राहिल्या.

मग उठल्या. पलीकडे उतरायला लागल्या. किकुचीही निघाला, तशा त्या थांबल्या, वळल्या आणि त्याला काहीतरी म्हणाल्या. इतक्या लांबून ऐकू येत नव्हतं आणि आलं असतं तरी मला जपानी येत नाही. पण हाताची खूण आपल्याकडच्या कुठल्याही आईची असते तशीच होती. तू अलीकडेच थांब.

तो थांबला. आजी पलीकडे उतरून दिसेनाशा झाल्या.